उडी मारली तेव्हा बारी कोणाची होती

विहिरीच्या काठावर ओल्या अंगाने बसलेल्या माणसाला घाई नसते. अंग वाळेपर्यंत त्याला दुसरं कामच नसतं, आणि काम नसलं की माणूस बोलतो. आमच्या विहिरीवर किस्से साठले ते असे. कोणी मुद्दाम जमवले नाहीत. पावसाळ्यात दगडाला शेवाळ धरतं तसे ते तिथे धरले. एकावर पाय पडला की माणूस घसरत दुसऱ्यावर जातो.

मी सावकाश बोलणारा. माझा किस्सा संपायच्या आत ऐकणाऱ्याचं अंग वाळतं आणि तो कपडे घालून घरी जातो. म्हणून यंदाच्या उन्हाळ्यातलं लिहूनच काढतो. यंदा आमच्या सलीमभाईंवर गुन्हा दाखल होतो की काय, इथवर गोष्ट गेली होती.

आमचं गाव काष्टीपासून जवळच. विहीर जुनी, दगडी बांधणीची आणि तिघांच्या सामाईक मालकीची. मी, सोपानअण्णा आणि भीमाक्का. पाण्याची बारी ठरलेली आहे. एक दिवस माझी मोटार चालते, दुसऱ्या दिवशी अण्णांची, तिसऱ्या दिवशी भीमाक्काची. दिवस उगवला की बारी बदलते. कॅनॉलला पाणी सुटलं की विहीर भर मे महिन्यातही भरलेली असते आणि मग सगळ्या गावाची पोरं तिच्यात.

त्यांना पोहायला शिकवतात सलीमभाई. रस्त्याला त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. उन्हाळाभर सकाळी विहीर, मग दुकान. शिकवण्याचे पैसे घेत नाहीत. गावातली आजची जी तरणी माणसं पोहतात ती सगळी त्यांच्या हाताखालून गेलेली. माझी दोन्ही मुलं त्यातलीच, भीमाक्काची लेक आशाही.

* * *

सुरुवात सोपानअण्णांच्या भाच्याने केली. तो पुण्यात वकील आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीला आला, पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडले आणि सहज म्हणाला, "मामा, इथं कोणाला काही झालं तर मालकाला जबाबदार धरतात बरं का."

अण्णा मिशरी लावत होते. त्यांचं बोट तोंडातच राहिलं.

"पोहनारा त्यो, बुडनारा त्यो, आन् जबाबदार मी?"

"विहिरीला कठडा नाही, बोर्ड नाही. याला निष्काळजीपणा म्हणतात."

"आज्या-पंज्यापासून कठडा न्हाई. मग तेंचाबी निष्काळजीपना का?"

"त्यांना आता नोटीस पोहोचत नाही," वकील म्हणाला.

अण्णा त्या दिवशी नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी काष्टीहून पेंटर आणला आणि विहिरीच्या तोंडाशी पत्र्याचा बोर्ड उभा केला. 'येथे पोहण्यास सक्त मनाई आहे. पोहल्यास मालक जबाबदार नाहीत', असा मजकूर ठरला. पेंटरने मन लावून काम केलं, पण दुपार चढली आणि त्याच्या डोक्याला ऊन लागलं. शेवटचा एक शब्द राहिलेला असताना त्याने ब्रश डब्यात ठेवला, कपडे काढले आणि विहिरीत उडी मारली.

बोर्डाच्या शेवटच्या ओळीत 'पोहल्यास मालक जबाबदार' एवढंच होतं, आणि खाली पेंटर पोहत होता.

अण्णांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. काठावर ओणवे होऊन ते म्हणाले, "बाबा, तुला पोहायचंय तर दिसभर पोह. पर आदी वर यिऊन तेवढं 'नाहीत' लिवून जा."

दुसऱ्या दिवशी सलीमभाई आले. त्यांनी बोर्ड नीट वाचला आणि आपला सदरा त्याच्यावर अडकवला. "अण्णा," ते म्हणाले, "खुंटी झ्याक झाली."

* * *

बोर्डाने अण्णांचं समाधान झालं नाही. त्यांनी विचार करून एक हिशेब काढला. मालक तिघं असले तरी एका दिवशी विहीर एकाचीच असते. "ज्याची बारी त्याची विहीर. आन् ज्याची विहीर त्याची जबाबदारी." वकील पुण्याला परत गेला होता, त्यामुळे याला चूक म्हणणारं कोणी नव्हतं. आम्हालाही ते पटलं.

मग अण्णा आपल्या बारीला काठी घेऊन काठावर बसू लागले. भीमाक्का आपल्या बारीला पोरांना म्हणायची, "पोहा, पर माज्या पाइपाला कोन लोंबकाळला तर तंगडं तोडीन." राहिलो मी. मला कोणाला नाही म्हणता येत नाही. गावभर झालं की तात्याच्या बारीला कोणी काही बोलत नाही, आणि माझ्या बारीला विहिरीत पाण्यापेक्षा पोरं जास्त दिसायला लागली.

एकदा मी जेवायला बसलो होतो. बायको भाकरी वाढता वाढता म्हणाली, "तुमी हितं निवांत जेवताय. तिकडं तुमच्या जबाबदारीनं निम्मं गाव उड्या मारतंय."

हातातला घास मी ताटात टाकला. तसाच उठून विहिरीवर गेलो आणि डोकी मोजायला लागलो. पण पाण्यातली डोकी मोजता येत नाहीत. एक बुडी मारतं, दुसरं वर येतं. माझी धांदल बघून सलीमभाई म्हणाले, "तात्या, डोकी न्हाई मोजायची. काठावरचे कपडे बघायचे. शेवटाला कपडे उरले तर काळजी करायची."

दुपारी सगळी पोरं घरी गेली. काठावर एक निळी चड्डी उरली होती.

सलीमभाईंनी ती बघितली आणि ते तसेच पाण्यात गेले. वर आले, परत गेले. मी पायरीवर बसलो. अण्णा माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, "तात्या, आज बारी तुजी हाय, एवढं ध्येनात असू दे." किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग बांधावरून एक नागडं पोरगं पळत आलं. आजा जेवायला न्यायला आला होता, त्याने हाताला धरून होतं तसं घरी नेलं होतं.

"तात्या," पोरगं म्हणालं, "माजी चड्डी तुमच्याकडं हाय व्हय?"

सलीमभाई पाण्यातच भिंतीला धरून हसायला लागले. मला हसू आलं नाही. मी त्या पोराला घट्ट पोटाशी धरलं. ते म्हणालं, "आधी चड्डी द्या की."

* * *

सलीमभाईंची एक रीत आहे. लेकराला पहिल्यांदा पाण्यात घ्यायचं तर घरच्या माणसाने त्याचा हात आपल्या हाताने त्यांच्या हातात द्यायचा. त्याशिवाय ते घेत नाहीत.

शिरूरहून एक पाहुणे आपल्या पोरीला घेऊन आले. त्यांच्याही कानावर जबाबदारीचं गेलं असावं. पोरीच्या पाठीला तेलाचे रिकामे कॅन बांधून झाले, तेव्हा त्यांनी मोबाईल काढला आणि समोर धरला. म्हणाले, "चाचा, व्हिडिओ चालू आहे. या मुलीची जबाबदारी माझी, असं मोठ्यानं बोला."

सलीमभाई मोबाईलकडे बघून म्हणाले, "पोरगी माजी."

"तसं नाही. जबाबदारी म्हणा."

"माजीच म्हनलो की. आनिक काय ऱ्हातं?"

पाहुण्यांना ते पुरेसं वाटलं नाही. नीट दिसावं म्हणून ते एक पाऊल मागे सरले, आणखी एक सरले, आणि तिसरं पाऊल टाकायला तिथे जमीन नव्हती.

पोरगी किंचाळली. सलीमभाईंनी तिला पायरीवर बसवलं आणि उडी घेतली. पाहुण्यांना बखोटीला धरून वर काढलं. पाहुण्यांच्या नाकातोंडातून पाणी येत होतं, आणि त्यातून पहिला शब्द आला तो, "मोबाईल?"

"त्याची जबाबदारी मी बोललो न्हवतो," सलीमभाई म्हणाले.

* * *

जबाबदारीची साथ मग मैदानावर गेली. आमच्याकडे मे महिन्यात टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा असतात. माइकवर बोलायला बबन असतो. बबनचा आवाज दोन गावं ओलांडून जातो. अण्णांनी त्याला आदल्या दिवशी गाठून सगळा कायदा समजावला होता.

त्यामुळे यंदा प्रत्येक ओव्हरला बबन ओरडायचा, "मैदानात उभ्या असलेल्या सर्वांना सूचना! बॉल लागल्यास आयोजक जबाबदार नाहीत. आपापल्या जबाबदारीवर उभे राहावे."

लोक जरा मागे सरायचे. मॅच शेवटाला आली तेव्हा श्रीगोंद्याच्या एका पोराने असा काही फटका मारला की बॉल सरळ मांडवात आला. बबन त्या वेळी सूचनाच देत होता. "आपापल्या जबा..." इथे आवाज तुटला. त्यानंतर माइकमधून जे ऐकू आलं ते इथे लिहिता येत नाही. माइक चालूच होता. देवळात बसलेल्या बायांनी कान झाकून घेतले.

बबनचा पुढचा दात गेला. त्याला खुर्चीवर बसवून ओला रुमाल दिला, तर रुमालातून म्हणतो कसा, "आयोजकांनी भरून द्यावा. मी मैदानात उभा न्हवतो. मी टेबलाला बसलेलो."

अण्णा माझ्या कानाशी लागले. "बघ तात्या. सूचना मैदानाची केली, मांडवाची ऱ्हायली. कायदा लई बारीक असतो."

* * *

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग भीमाक्काचे जावई आले.

यंदा धोंड्याचा महिना उन्हाळ्यातच आला. जावयाला बोलवायचं, त्याला मान द्यायचा, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं. आशाचा नवरा नितीन नगरला गाड्यांच्या एका शोरूममध्ये आहे. ठोकलेल्या गाड्या येतात, त्या बघून चूक कोणाची ते तो सांगतो. माणूस वाईट नाही. जेवताना पोहण्याचा विषय निघाला, तेव्हा चार मेहुण्यांसमोर म्हणाला, "नगरला टँकमध्ये मी रोज असायचो. विहिरीत काय, उडी मारली की झालं." भीमाक्काने दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते गल्लीभर केलं. जावयाची उडी बघायला सगळं घर विहिरीवर आलं.

उजाडलं होतं, पण सूर्य अजून वर आला नव्हता. अण्णांची बारी संपत आलेली, त्यांची मोटार चालू. सलीमभाई लेकरांच्या पाठीला कॅन बांधत होते. नितीनला पूर्वेच्या बाजूला उभा बघून ते म्हणाले, "पाव्हनं, तिकडनं नको. खाली दगडाची कपार हाय."

नितीनने आशाकडे बघून हात हलवला आणि तिथूनच उडी मारली.

आवाज वेगळा आला. पाण्यावर पडल्याचा नव्हताच तो. नितीन वर आला, खाली गेला, परत वर आला आणि हाताला काहीच न लागल्यासारखे हात मारायला लागला. मी आयुष्यभर पोहणारी माणसं बघितली आहेत. पोहणारा मोडक्या पायानेही तसे हात मारत नाही. सलीमभाई अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात गेले होते. नितीनने त्यांच्या मानेला मिठी मारली, दोघं खाली गेले, आणि वर आले तेव्हा सलीमभाईंच्या तळहातावर त्याची हनुवटी होती.

आम्ही दोराने बाज खाली सोडली. पाऊल भलतीकडे वळलेलं होतं. तेवढ्यात मोटारीचा आवाज बंद झाला. बघतो तर अण्णा बाजेकडे न येता स्टार्टरपाशी उभे.

"अण्णा, दोर धरा की!"

"आलो, आलो. आदी बंद केली. माजी बारी संपली हुती, तात्या. तू साक्षीला हायेस."

* * *

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कसं झालं. मी कॉटपाशी उभा होतो. नितीन वेदनेने पांढरा पडला होता, पण रोजच्या सवयीने बोलला. "तिथं ट्रेनर होता. त्याच्या देखरेखीखाली झालं."

ट्रेनर कोण, हे मला क्षणभर कळलंच नाही. मग दारातून दिसलं. बाहेर बाकड्यावर सलीमभाई ओल्या कपड्यांनी बसले होते. त्यांनी ऐकलं होतं. ते उठून आत आले नाहीत, निघूनही गेले नाहीत.

डॉक्टरने नियमाप्रमाणे पोलीस चौकीला कळवलं. संध्याकाळी अण्णांनी भाच्याला फोन लावून स्पीकर चालू केला. वकील म्हणाला, "मामा, सोपं आहे. तो शिकायला आला असेल, तर शिकवणाऱ्याची जबाबदारी. गुन्हा होऊ शकतो. त्याला पोहता येत असेल, तर उडी त्याची त्याने मारली. सगळं त्यालाच पोहता येतं की नाही यावर आहे."

"त्याला येतं की," अण्णा म्हणाले. "गल्लीला म्हाईत हाय."

मी ते हात बघितले होते.

दुसऱ्या दिवसापासून सलीमभाई विहिरीवर आले नाहीत. मी दुकानावर गेलो. एक लोखंडी दार पुढ्यात घेऊन बसले होते, पण मशीन बंद होतं. म्हणाले, "तात्या, माज्या हातातनं आजवर एक लेकरू निसटलं न्हाई. आता कोर्टात उभं ऱ्हायाचं म्हंजे लोकं लेकराचा हात माज्या हातात द्येतील का?" मी त्यांच्याजवळ चहा होईपर्यंत बसलो आणि चहा पिऊन आलो.

* * *

हवालदार चौकशीला विहिरीवर आले. त्यांनी बोर्ड वाचला आणि विचारलं, "मालक कोण?"

"ज्याची बारी त्यो," अण्णा म्हणाले.

हवालदारांनी टोपी काढून डोकं पुसलं. "मग उडी मारली तेव्हा बारी कोणाची होती?"

इथे एक सांगायला पाहिजे. अण्णा आणि भीमाक्का यांचं एका गोष्टीवरून कायमचं भांडण होतं. भीमाक्काचं म्हणणं, उजाडलं की बारी बदलली. अण्णांचं म्हणणं, सूर्य डोळ्याला दिसला की बदलली. मधल्या वेळाचं पाणी अण्णा आपल्या उसाला घेत आले होते. भीमाक्काने त्यापायी शिव्या दिल्या, शेजाऱ्यांना मध्ये घातलं, एकदा स्टार्टरला स्वतःचं कुलूप लावलं. अण्णा हटले नव्हते. आणि नितीनने उडी मारली ती नेमकी त्या मधल्या वेळात.

"उजाडलं हुतं, सायेब," अण्णा घाईने म्हणाले. "उजाडलं की बारी बदलती. आमच्याकडं रीतच हाय तशी. माजा काय संबंद न्हाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. भीमाक्का माझ्यामागे उभी होती. ती पदर खोचत पुढे आली.

"काय म्हनलास सोपान? परत म्हन."

"उजाडलं की बारी बदलती," अण्णा खाली बघून म्हणाले.

"सायेब, ल्ह्या," भीमाक्का म्हणाली. "बारी माजी हुती. काय जबाबदारी असंल ती माजी. आन् तेच्या म्होरं हेबी ल्ह्या, की सोपान म्हनला उजाडलं की बदलती. तात्या साक्षीला हायेत."

हवालदार म्हणाले, "बाई, समजतंय का तुम्हाला? जखमी झालेला तुमचा जावई आहे. जावयाच्या केसमध्ये सासूचं नाव येईल."

"येऊ द्या. जावई काय, सनासुदीला येतोय. पानी मला रोज लागतंय."

तेव्हापासून उजाडलं की भीमाक्काची मोटार सुरू होते. अण्णा बांधावर उभे राहून सूर्य वर येईपर्यंत नुसते बघत असतात.

पण त्या दिवशी जाताना हवालदार म्हणाले, "मालकाचं नंतर बघू. आधी तो शिकवणारा. पाहुणे दवाखान्यात ट्रेनर म्हणालेत. त्यांचा जबाब घेतला की नाव घालायचं की नाही ते ठरेल."

* * *

जबाब भीमाक्काच्या घरी झाला. नितीन पडवीत बाजेवर, प्लॅस्टरचा पाय उशीवर ठेवलेला. आशा पायाशी. मेहुण्या दाराशी, त्यांच्या मागे शेजारपाजार. हवालदार खुर्चीवर. सलीमभाईंना बोलावून घेतलं होतं. ते अंगणातच उभे राहिले.

"बसा की, सलीमभाई," भीमाक्का म्हणाली.

"उभाच बरा हाय, अक्का."

मी बाजेच्या उशाशी बसलो होतो. हवालदारांनी पेन उघडलं. "दवाखान्यात तुम्ही ट्रेनर म्हणालात. म्हणजे शिकायला गेला होता?"

एक मेहुणी खुदकन हसली. "दाजी आन् शिकायला? दाजी टँकमधी रोज जायाचे."

नितीनची मान प्लॅस्टरकडे वळली. शोरूममध्ये चेपलेलं दार बघत असेल तसा तो त्या पायाकडे बघायला लागला.

"हे बघा," हवालदार म्हणाले, "दोनच गोष्टी आहेत. शिकायला गेला असाल, तर यांच्यावर येतं. पोहता येत असेल, तर तुमची उडी तुमची. काय लिहू?"

मी सलीमभाईंकडे बघितलं. ज्याने एकदा बुडणाऱ्याची हनुवटी हातात धरली आहे त्याला सगळं कळलेलं असतं. पण त्यांनी आजवर ते कोणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. ते आपल्या चपलांकडे बघत होते.

"येतं," नितीन म्हणाला.

"मोठ्यानं बोला."

"पोहता येतं मला. त्यांनी नको सांगितलं होतं. उडी माझी मी मारली."

हवालदार लिहायला वाकले, आणि स्वयंपाकघराच्या दारातून भीमाक्काचा आवाज आला. "मग सलीमभाईच्या मानेला का लटकला हुता?"

पेन थांबलं. आशाने आईकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. नितीनचे कान लाल झाले. भीमाक्का काय बोलून गेली हे तिला कळलं नव्हतं, आणि ते सांगण्याची सोय नव्हती.

सलीमभाई मान वर करून बोलले. "अक्का, पाऊल असं फिरल्यावर मीबी कुनाच्यातरी मानेला लटकलो असतो."

हवालदारांनी एकदा सलीमभाईंकडे बघितलं, एकदा नितीनकडे. मग राहिलेलं वाक्य पुरं केलं, नितीनची सही घेतली आणि चहा न घेता गेले. लोक पांगले. मेहुण्या आत गेल्या.

सलीमभाई निरोप घ्यायला पडवीत आले. नितीनने त्यांच्या सदऱ्याची बाही धरली आणि दाराकडे बघून आवाज खाली आणला. मी उशाशी होतो म्हणून मला ऐकू आलं.

"चाचा, मोठ्या माणसाला किती दिवस लागतात?"

सलीमभाईंनी त्याच्या पायावरची चादर सारखी केली.

"पाय बरा होऊ द्या," ते म्हणाले. "मग सकाळी लवकर या, काठाला कोन नसतं तवा. घरी इचारलं तर पोहायला चाललो म्हनायचं."